गेरूखालचं पाणी

माझ्या सासूचं कुंकू बंद्या रुपयाएवढं असायचं. रोज सकाळी आधी मेण, मग त्यावर कुंकू, मग बोटानं त्याची कड गोल करून घ्यायची, आणि हे सगळं ओसरीवर बसून, रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याला नीट दिसेल असं. आरसा धरायला मी. आरसा जरा हलला की माझ्या मांडीला चिमटा बसायचा. नऊ वर्षं मी तो आरसा धरला. तेव्हा भागूबाईला माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही, आणि तिचं माझ्याइतकं वाटोळंही कुणी केलेलं नाही.

आमचं गाव मोशी. भागूबाई सतरा वर्षांची होती तेव्हा तिच्या नवऱ्यानं, म्हणजे माझ्या सासऱ्यानं, गेनबानं, पाटाच्या पाण्यावरून भांडताना एकाच्या डोक्यात पहार घातली. माणूस जागीच खलास. गेनबाला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. माझा नवरा सोनबा तेव्हा पाळण्यात होता. त्यानंतर तीस वर्षं गेनबाचं ना पत्र आलं, ना निरोप.

माणूस बारा वर्षं बेपत्ता राहिला की आमच्यात त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि नदीकाठी जाळतात. पुतळा जळाला की माणूस मेला आणि बायको रांडावली. बारा वर्षं भरली तेव्हा भाऊबंद हेच बोलायला आले होते. भागूबाई विळा घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "ज्याला पुतळा जाळायचाय त्यानं आधी मला जाळावं. माझं मालक जित्तं हायेत." भाऊबंदांनी पाणीसुद्धा घेतलं नाही, तसेच परत गेले.

गावाला ही गोष्ट भारी आवडली. काळ्या पाण्यालाही जिचं कुंकू पुसता आलं नाही ती बाई किती भाग्याची, असं म्हणता म्हणता रीतच पडून गेली. मोशीत लग्न निघालं की नवरीला पहिली हळद भागूबाईनं लावायची. पुढं चिखली, डुडुळगाव, चऱ्होलीहूनही बोलावणी यायला लागली. दाराशी बैलगाडी उभी राहायची आणि आमची भागूबाई हिरव्या लुगड्यात, कोपरापर्यंत बांगड्या भरून, देवीची पालखी निघावी तशी निघायची. नवऱ्याबरोबर उणीपुरी दोन वर्षं संसार केलेली बाई सगळ्या पंचक्रोशीची सवाष्ण झाली होती.

तिच्या जिवाला बाकी काहीच नव्हतं, हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त तिचा माज दिसायचा.

आणि माज होताच. विधवा बाई वाटेत आली तर भागूबाई थांबून तोंड फिरवायची, आणि ती बाई गेल्यावर मोठ्यानं थुंकायची. माझी आई सगुणाबाई विधवा. मी दहा वर्षांची असताना माझे वडील साप चावून गेले. माझं माहेर चाकणच्या पलीकडं. मला पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा माझ्या डोहाळजेवणाला आई खणाचं गाठोडं आणि करंज्या घेऊन पायी आली. भागूबाईनं तिला दारातच अडवलं.

"ओटी भरून हुईस्तवर गोठ्यात बसा. पांढरं कपाळ पोटुशीच्या म्होरं नगं."

म्हशीच्या गव्हाणीपाशी एक दगड होता, त्यावर आई तीन तास बसली. जेवणाचं पान तिथंच गेलं. तिनं आणलेला खण भागूबाईनं आधी पाण्यातून काढला आणि मग ओलाच माझ्या ओटीत टाकला. जाताना मी रडायला लागले तर आई म्हणाली, "तिचं काय चुकलं? रीत हाय ती." आईला ते पचलं, मला पचलं नाही. त्या दिवसापासून मी मनात दात धरून होते.

आता सोनबाचं सांगते. विहिरी पाडायचं कसब त्यांच्या घरात पिढीजात. जमीन थोडी, पण खडक फोडावा तर याच घरातल्या माणसांनी. गेनबा डावखुरा होता, सोनबाही डावखुरा. तो बोलायचा कमी, आणि बोलला तर दगडाविषयी. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा पायाला काळा पाषाण लागला, तो फोडायला सोनबा होता. तिथल्या मुकादमाच्या ओळखीनं त्याला दूरचं काम आलं. अंदमानाच्या पलीकडं एक बेट आहे, तिथला दगड तपासायला साहेब लोक निघालेत, खडकाला हातानं भोकं पाडणारा माणूस पाहिजे. अंदमान म्हटल्यावर सोनबानं दुसरं काही विचारलंच नाही.

निघताना भागूबाईनं त्याच्या कपाळाला अंगारा लावला. "तुज्या बापाचा ठाव काढ," ती म्हणाली. "म्हनावं, सून आलीया, नात झालीया. म्हनावं, मी हाय तशी हाय."

दिवाळीनंतर गेलेला माणूस चैत्रात परत आला. रापलेला, हाडं वर आलेली. भागूबाईनं विचारलं, "लागला का ठाव?" सोनबा पायातल्या वहाणा काढत म्हणाला, "न्हाई आये. लई मोठा मुलूख हाय त्यो." भागूबाई म्हणाली, "असू दे. जित्तं हायेत येवढं खरं." आणि उठून कुंकवाची डबी घेऊन बसली. मी आरसा धरला. सोनबा ओसरीवरून उठून गेला, ते मी आरशाच्या कडेनं पाहिलं.

आठ दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. नवव्या दिवशी मी मळ्यात भाकरी घेऊन गेले. आमची विहीर आणखी खोल करायचं काम चाललं होतं. तो वर आला, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यापाशी सावलीत बसला, दोन घास खाल्ले आणि कोपरीच्या खिशातून एक दगड काढून माझ्या हातात ठेवला. वरून काळा, खालून लाल.

"वळख," तो म्हणाला.

"आपल्याच हिरीतला हाय. वर पाषाण, खाली गेरू."

"बेटावरला हाय," तो म्हणाला, आणि मग जे बोलायला लागला ते दुपार कलेपर्यंत. लग्नानंतर सगळी मिळून तो माझ्याशी तेवढा बोलला नसेल.

अंदमानाहून लाँचनं रात्रभर गेल्यावर सकाळी ते बेट दिसतं. माणूस नाही, झोपडं नाही. समुद्रातून डोंगर सरळ वर आलेला, करपलेला. उतरायला एकच फट. भोवतीनं डोंगराची भिंत, आणि मधोमध राखेची भली मोठी रास, घर जळून गेल्यावर उरते तशी काळी. पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत रुतायचं. वर गंधकाचा वास, आणि किनाऱ्याला पाणी इतकं ऊन की हात घालवेना. बरोबरचा बंगाली साहेब भला होता. सोनबा दगड हातात घेऊन बघतो हे पाहून त्यानं हिंदीत समजावलं. हे बेट समुद्राच्या पोटातल्या आगीनं उभं केलंय. दगड वितळून पाण्यासारखा वाहिला आणि थिजला. त्यावर माती झाली, त्या मातीवर पुन्हा नवा रस वाहिला, ती माती भाजून लाल झाली. तोच गेरू. साहेब म्हणाला, तुमच्या पुण्याकडचा सगळा खडकही असाच आगीतून आलेला आहे, पण तो निवाला त्याला युगं झाली. हे बेट आतून अजून निवालेलं नाही.

"आपली मोशी आगीतनं आलीया, शालन," सोनबा म्हणाला. मला तेव्हा हसू आलं होतं.

बेटावर शेळ्या होत्या. रानटी, दाढीवाल्या. कुठल्याशा जहाजानं कधीकाळी सोडल्या, कुणाची बोट फुटून माणूस त्या बेटाला लागला तर त्याला खायला असावं म्हणून. गोड पाणी औषधालाही नाही, त्या शेळ्या खारं पाणी पिऊन जगतात. ही माहिती साहेबाची नव्हती. लाँचवर स्वयंपाकाला एक म्हातारा होता, कोंडाजी, मूळचा नगरकडचा, शिक्षा भोगून अंदमानातच राहिलेला. मराठी बोलणारा भेटला म्हणून तो सोनबाजवळ येऊन बसायचा. तिसऱ्या दिवशी सोनबा घण मारत असताना तो बराच वेळ बघत उभा राहिला.

"डावखुरा हाईस," तो म्हणाला. "गाव कंचं म्हनलास?"

"मोशी."

"आळंदीजवळची? बापाचं नाव काय?"

सोनबानं सांगितलं. म्हातारा खाली बसला. मग म्हणाला, "चल, तुला तुज्या बापाची हीर दावतो."

गेनबाला शिक्षा होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एका गोऱ्या ठेकेदारानं बेटावरचं गंधक काढायला अकरा कैदी मागून घेतले. त्यांत गेनबा होता आणि कोंडाजी होता. आठ दिवसांचं पाणी पिंपांत भरून देऊन बोट परत गेली. आठव्या दिवशी यायची ती एकोणिसाव्या दिवशी आली. वादळ नव्हतं, काही नव्हतं. ठेकेदाराचं दुसऱ्या बेटावर लाकडाचं काम निघालं आणि अकरा माणसं तो विसरला.

पाणी पुरवून पुरवून बारा दिवस नेलं. शेळ्या मारून त्यांचं रक्त प्याले. शेळ्या समुद्राचं पितात मग आपण का नाही म्हणून दोघे खारं पाणी प्याले, ते वेडे होऊन मेले. गेनबानं मात्र पाचव्या दिवशीच विहीर धरली होती. हसत होते सगळे त्याला. तो म्हणाला, "दगड आमच्याकडचाच हाय. मी ह्याला वळखतो." वरची राख उपसली, खाली दगड लागला तो फोडला, आणि अडीच परसांवर, म्हणजे अडीच माणसं खोल, गेरू लागला. कोंडाजी म्हणाला, त्या दिवशी गेनबा खालून एवढ्या मोठ्यानं ओरडला की सगळे धावत गेले. "गेरू लागला! आमच्यात गेरू लागला की पानी आलंच! हातभर ऱ्हायलं आता!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेरू फोडायला उतरला. आत आग होती. वर पाणी आलं नाही, वाफारा आला आणि डोळ्याला न दिसणारी वाईट हवा आली. विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायचा, विझला तर उतरायचं नाही, हे मोशीतलं शेंबडं पोरही जाणतं. गेनबाला ते ठाऊक नसेल होय? पण कंदील नव्हता. कोंडाजी म्हणाला, ओरडला नाही, धडपडला नाही. दमलेला माणूस टेकतो तसा भिंतीला टेकून बसला. त्याला काढायला एक जण उतरला, तोही त्याच्या शेजारी बसला. मग कुणी उतरलं नाही. वरून राख लोटली.

बोट आली तेव्हा तिघे जिवंत होते. ठेकेदारानं कागदावर लिहिलं की आठ कैदी समुद्रात पळून गेले, म्हणून घरी काही कळवायचा प्रश्नच आला नाही.

सोनबानं ती विहीर पाहिली. वरच्या कडा ढासळल्या होत्या, पण खाली दगडात पाय ठेवायला केलेल्या खोबण्या तशाच होत्या. आमच्या घरची विहीर कुठलीही बघा, उतरताना पहिली खोबणी डाव्या पायाची असते, दुसऱ्या कुणाची नसते. सोनबानं डावा पाय सोडला, तो बरोबर खोबणीत बसला. मग त्यानं कंदील दोरीनं खाली सोडला. दोन माणसं खोल जायच्या आत तो विझला. सोनबा वर येऊन राखेत बसला, आणि तिथंच मिशी काढायची की नाही याचा विचार करत राहिला. मिशी काढली तर आई विचारणार.

"म्हाताऱ्याला इचारलं," सोनबा मला म्हणाला, "तुला घरी कळवाया काय झालं व्हतं? त्यो म्हनला, गेनबानंच शपत घातली व्हती. म्हनला व्हता, माझं काय झालं तर घरी कळवू नगा. बातमी गेली तर तिचं कपाळ पांढरं हुईल. न्हाई गेली तर बिचारी हाय तशी ऱ्हाईल."

मग त्यानं मला विमलच्या, आमच्या लेकीच्या गळ्याची आण घातली. मी घेतली. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला रडू आलं होतं. पण संध्याकाळी घरी आले, आणि भागूबाई कुंकू कोरत म्हणाली, "आरसा सरळ धर गं, विधवेच्या पोटची ती, हाताला वळण न्हाई," तेव्हा माझं रडू कुठल्या कुठं गेलं. मी आरसा सरळ धरला. त्यात तिचं कपाळ होतं, आणि ते अठ्ठावीस वर्षांपूर्वीच पांढरं झालंय हे गावात फक्त मला ठाऊक होतं. मला गोड वाटलं. रोज सकाळी गोड वाटायचं.

आण मी एक महिना पाळली.

वैशाखात सरुबाईच्या लेकीचं लग्न निघालं. सरुबाई आमच्या शेजारची, भागूबाईच्या पायाशी कायम लोळण घेणारी. हळद दळायचा दिवस. मांडवात जातं मांडलेलं, त्याला सूत गुंडाळलेलं, पाच सवाष्णी बसलेल्या, आणि पहिली मूठ भागूबाईची. पुरुष मांडवाबाहेर खांब ठोकत होते, त्यांत सोनबाही होता. त्याच दिवशी माझी आई आली. विमलला गोवर येऊन गेला होता, नातीला बघायला आली होती. घरी कुणी नाही म्हणून विचारत विचारत मांडवापाशी आली, आणि खांबाआड उभी राहून मला हाक मारायची वाट बघत राहिली. ऊन तिच्या पाठीशी होतं. तिची सावली लांब होऊन जात्यापर्यंत आली.

भागूबाईनं हात थांबवला.

"टाका ती हळद," ती म्हणाली. "रांडंची सावली पडली. उकिरड्यावर टाका आन् पुन्यांदा दळा."

कुणीतरी खुसकन् हसलं. आई तोंडावर पदर घेऊन मागं सरली, मागं सरताना दोरीला अडखळून पडली. तिला उठवायला कुणी गेलं नाही. मीसुद्धा नाही. मी जात्यापाशी उभी राहिले आणि बोलले.

"मग तुमच्या हातची हळद तरी कशी चालंल, आत्याबाई? माझी आई चौदा वर्सं रांडाव हाय. तुमी अठ्ठावीस वर्सं."

"काय म्हनलीस?"

मी सांगितलं. फार नाही, चार-पाच वाक्यं असतील. बेट, विहीर, वाफारा, वरून लोटलेली राख. पाणी लागलंच नाही, हेही सांगितलं. ते सांगायची काही गरज नव्हती. तिला जास्त लागावं म्हणून सांगितलं.

भागूबाई आधी हसली. "खोटारडी हाय. आईवर गेलीया." मग हसणं थांबवून तिनं मांडवाबाहेर हाक मारली, "सोनबा!"

तो आला, हातात पहार तशीच. भागूबाईनं विचारलं, "ही काय म्हंती?" त्याला नाही म्हणता आलं असतं. त्यानं भागूबाईकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं. मग मान खाली घातली. तेवढं पुरलं.

त्यानंतरचं मी भराभरा सांगते. छबूबाई पहिली उठली. तिची लेक लग्नानंतर सहा महिन्यांत विधवा झालेली. "माझ्या पोरीला हिनंच हळद लावली व्हती!" ती किंचाळली. मग एकेकीला आठवायला लागलं. कुणाची लेक टाकलेली, कुणाचं मूल पाळण्यात गेलेलं, कुणाच्या जावयाला क्षय. इतक्या वर्षांतलं गावचं सगळं दुखणं त्या मांडवात आलं आणि भागूबाईच्या अंगावर पडलं. सरुबाई ओरडली, "माझ्या पोरीच्या हळदीत हात घातला गं हिनं!" आणि सकाळी जिच्या पाया पडली होती तिच्या झिंज्या धरल्या. सोनबा पुढं झाला, तर बायकांच्या गराड्यात पुरुषाचं काय काम म्हणून पुरुषांनीच त्याला धरून बाहेर ओढलं.

बांगड्या फुटल्या म्हणू नये, वाढवल्या म्हणावं, असं आम्हाला लहानपणापासून शिकवतात. त्या दिवशी मात्र फोडल्याच. जात्याच्या खुंट्यानं, दोन्ही हात जात्यावर दाबून धरून. काचा मनगटात घुसल्या, रक्त हळदीत सांडलं. डोरलं तोडलं. कुंकू मेणावरचं, ते बोटानं पुसेना, तर सारवणाच्या पोतेऱ्यानं घासून काढलं. भागूबाई एकदाही ओरडली नाही. फक्त म्हणत होती, "अगं, मला माहीत नव्हतं. अगं, मला माहीत नव्हतं."

मी तिला हात लावला नाही, असं मी पुष्कळांना सांगितलं आहे. ते खरं आहे. पण जात्याचा खुंटा उपसून छबूबाईच्या हातात कुणी दिला, ते मी सांगत नाही. मी दिला.

बायका पांगल्यावर भागूबाई तिथंच बसून राहिली. तिच्याजवळ कुणी जाईना, सावलीची भीती. माझी आई उठली, लंगडत गेली, आपला पदर तिच्या डोक्यावरून घेतला आणि मागच्या बोळानं तिला घरी नेलं. मी मागनं चालत होते. आईनं एकदाच वळून माझ्याकडं पाहिलं. गोठ्यात बसली होती तेव्हासुद्धा तिचा चेहरा तसा नव्हता.

घरी आल्यावर भागूबाई घरात शिरली नाही. गोठ्यात गेली आणि गव्हाणीपाशी त्याच दगडावर बसली. कुणी सांगितलं नव्हतं. आई तिच्या मनगटातल्या काचा काढत होती, तेव्हा सोनबा आला आणि समोर उकिडवा बसला. भागूबाईनं विचारलं, "सोनबा, हिरीला पानी लागलं व्हतं का रं?"

मला वाटलं होतं ती विचारेल, मरताना काय म्हणाले, माझी आठवण काढली का. तिनं पाणी विचारलं.

सोनबा जन्मात एकदाच खोटं बोलला होता, बेटावरून परत आला त्या दिवशी. दगडात पाणी नसेल तर तो समोरच्याला तसं तोंडावर सांगायचा. तो म्हणाला, "लागलं व्हतं, आये. गेरूखाली. गोड पानी."

"मग ही तर म्हंती..."

"हिला काय माहीत?" सोनबा म्हणाला.

त्यानं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. कामापुरतं बोलायचा, "भाकर दे," "पोरगी रडतीया." दगडाविषयी पुन्हा माझ्याजवळ कधी बोलला नाही.

भागूबाई गोठ्यातच राहायला लागली. ती सुधारली, असं गाव म्हणायचं. मला चिमटा नाही, शिवी नाही. सकाळी अंगणात यायचं झालं तर गोठ्याच्या दारातून आधी विचारायची, "शालन, म्होरं येऊ का?" मी अंगणात नाही ना, माझ्यावर तिची सावली पडणार नाही ना, म्हणून. रोज विचारायची, आणि रोज मला उत्तर द्यावं लागायचं. दिवस राहिलेत हे तिला कळल्यावर तर ती माझ्यासमोर यायचीच बंद झाली.

माघात मला मुलगा झाला. आजोबाचं नाव नातवाला, म्हणून गेनबा ठेवायचं ठरलं. बारशाला गावातल्या बायका आल्या, छबूबाई आली, सरुबाई आली. जणू काही झालंच नव्हतं. पाळणा सोप्यात बांधला होता. सोप्याला आणि गोठ्याला एकच दार, ते उघडं होतं. आत दगडावर भागूबाई आणि तिच्याशेजारी, तिला कुणी सांगितलेलं नसताना, माझी आई. मी भागूबाईला म्हणायला हवं होतं की आत या, नातवाच्या कानात नाव सांगा. पाच सवाष्णी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. माझ्या तोंडून निघालं नाही.

नाव ठेवून झालं तशी छबूबाईला चेव आला. दाराकडं तोंड करून म्हणाली, "काय वं भागूबाई, ह्या गेनबालाबी हीर खणाया धाडनार का बेटावर? धूर लागंल, धूर!"

बायका हसल्या. गोठ्यातनं आवाज आला. कितीतरी महिन्यांनी तो जुना आवाज आला.

"धूर न्हाई. पानी लागलं व्हतं त्यास्नी. गोड पानी."

"घ्या," सरुबाई म्हणाली. "शालननं भर मांडवात सांगितलं की पानी लागलं न्हाई म्हनून. काय गं शालन, खरं काय?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. सोनबा बाहेरच्या दारात उभा होता, त्यानं मान वर केली. माझ्या हातात पाळण्याची दोरी होती. मला सोनबाचा कंदील आठवला, त्या विहिरीत दोरीनं खाली जाणारा आणि विझणारा. मला खरं ठाऊक होतं, आणि खरं बोलून मी काय केलं होतं तेही ठाऊक होतं.

"मी खोटं बोलले व्हते," मी म्हणाले. "पानी लागलं व्हतं."

छबूबाईचं तोंड उतरलं. "म्हंजी? मग ते मेलं हे तरी खरं का गं? का त्येबी खोटं? आमी तर हिचं..." बाकीच्या एकमेकींकडं बघायला लागल्या. एक वेळ वाटलं, तेही खोटं म्हणून सांगावं आणि या सगळ्यांना जन्मभर जळत ठेवावं.

उत्तर गोठ्यातनंच आलं.

"त्ये खरं हाय," भागूबाई म्हणाली. "ते गेलं. पर पानी पिऊन गेलं. तोंडात पानी घालाया कुनी न्हवतं, तर सोताच्या हातानं हीर पाडून, पिऊन गेलं."

पाळण्यात पोरगं रडायला लागलं, तशी मी दोरी ओढली.